सजीवाचा व्यापक गट ठरवताना: प्रश्नांचा क्रम, पडताळणी आणि नेहमीच्या चुका

पावसाळ्यात अंगणात वळवळणारा बिनपायाचा प्राणी न पाहताच 'गांडूळ' म्हणून वहीत जातो, भातखाचरातला निळसर हिरवा तवंग 'शेवाळ' म्हणून नोंदवला जातो आणि कुजक्या ओंडक्यावरची अळंबी वनस्पतींच्या यादीत जाऊन बसते. अशा नोंदी चुकण्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. रंग, आकार आणि राहण्याची जागा आधी पाहिली जाते. पेशी मागाहून पाहिली जाते किंवा पाहिलीच जात नाही. जीवशास्त्रज्ञ हे प्रश्न नेमक्या उलट क्रमाने विचारतात. हा क्रम कसा पाळायचा आणि प्रत्येक टप्प्यावर काय तपासून पुढे जायचे, ते विद्यार्थी, शिक्षक आणि निसर्गनोंदी ठेवणारे हौशी अभ्यासक यांच्यासाठी येथे दिले आहे.

## पूर्वतयारी

चौकट आधी ठरवावी. आपल्याकडील शालेय व महाविद्यालयीन अभ्यासक्रमात रॉबर्ट व्हिटाकर यांनी १९६९ साली मांडलेली पंचसृष्टी पद्धत वापरली जाते: मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती आणि प्राणी. संशोधनात कार्ल वूज आणि सहकाऱ्यांनी १९९० साली मांडलेली जीवाणू, आर्किया (जीवाणूंसारखेच दिसणारे, पण वेगळ्या वंशाचे सूक्ष्मजीव) आणि दृश्यकेंद्रकी (पेशीत पटलाने वेढलेले केंद्रक असलेले सजीव) अशी तीन डोमेनची, म्हणजे सर्वांत मोठ्या गटांची, विभागणी आधाराला घेतली जाते. दोन्ही चौकटी उपयोगी आहेत. मात्र एकाच नोंदीत त्या मिसळल्या तर गोंधळ होतो. या लेखातील टप्पे पंचसृष्टी पद्धतीला धरून आहेत आणि जिथे डोमेनमुळे उत्तर बदलते तिथे तसे सांगितले आहे.

साहित्य. दहापट मोठे दाखवणारे हातभिंग, ४०० पट विवर्धन देणारा संयुक्त सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या व आच्छादक काचा, ड्रॉपर, आयोडीनचे सौम्य द्रावण, मिथिलीन ब्लू आणि मिलिमीटरच्या खुणांची पट्टी एवढे पुरते. छायाचित्र घेताना पट्टी शेजारी ठेवावी, कारण आकार माहीत नसलेल्या छायाचित्रावरून कुणालाही खात्रीने काही सांगता येत नाही.

नोंद. जागा, तारीख, अधिवास, आकार आणि अवस्था (अंडे, अळी, पिल्लू, प्रौढ, फुलोरा, बी) या गोष्टी गटाविषयी अंदाज बांधण्याआधी लिहाव्यात. अंदाज आधी बांधला की डोळे त्याला जुळणारीच लक्षणे शोधू लागतात.

*सावधान:* ओळख पटली नसेल तर बिनपायाच्या कोणत्याही प्राण्याला हात लावू नये. मण्यारीचे पिल्लूही बारीक आणि गडद रंगाचे असते. साप आणि इतर अनेक वन्यजीव वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. त्यांना पकडून किंवा मारून नमुना म्हणून ठेवणे हा गुन्हा आहे. अशा वेळी छायाचित्र आणि निरीक्षण यांवरच थांबावे.

## टप्पा १: समोर एक सजीव आहे की अनेक?

हा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. गोडा मसाल्यात पडणारे दगडफूल हे त्याचे सर्वांत जवळचे उदाहरण. ते एक अखंड, वाळक्या पापुद्र्यासारखे दिसते, पण ते कवक आणि शैवाल (काही दगडफुलांत नीलहरित जीवाणू) यांचे सहजीवन आहे. पाण्यात भिजवलेल्या तुकड्याचा पातळ छेद घेऊन पाहिला तर वर आणि खाली कवकतंतूंचे घट्ट विणलेले थर आणि वरच्या थराखाली हिरव्या गोल पेशींची ओळ दिसते. अशा वेळी 'वनस्पती की कवक' हा वाद निरर्थक ठरतो. दगडफुलाचे नाव आणि गट त्यातील कवकावरून ठरवतात आणि आतील सोबत्याची नोंद वेगळी करतात.

अझोलाचेही असेच आहे. भातखाचरात आणि पशुखाद्यासाठी वाढवला जाणारा अझोला हा पाण्यावर तरंगणारा नेचा आहे. त्याच्या पानांच्या पोकळीत हवेतील नत्र स्थिर करणारे नीलहरित जीवाणू राहतात. एका नमुन्यासाठी येथे दोन ओळी लिहाव्या लागतात.

याच टप्प्यावर विषाणू बाजूला काढावेत. त्यांना पेशी नसते, त्यामुळे पाचांपैकी कोणत्याही सृष्टीत त्यांना जागा नाही. पपईच्या पानांवरचा विषाणूजन्य रोग 'मोनेरा'त टाकणे ही उत्तरपत्रिकांमध्ये नेहमी दिसणारी चूक आहे.

## टप्पा २: पेशीत केंद्रक आहे का?

सगळ्या वर्गीकरणातील सर्वांत खोल विभागणी हीच आहे, आणि म्हणून ती सर्वांत आधी करावी. केंद्रकाभोवती पटल असेल तर सजीव दृश्यकेंद्रकी. नसेल तर आदिकेंद्रकी, म्हणजे पंचसृष्टी पद्धतीत मोनेरा.

साध्या सूक्ष्मदर्शकाखाली हे कसे ठरवायचे? तीन खुणा एकत्र पाहाव्यात.

१. *आकार.* बहुतेक जीवाणूंची लांबी एक ते पाच मायक्रोमीटरच्या आसपास असते, तर दृश्यकेंद्रकी पेशी साधारण दहा ते शंभर मायक्रोमीटरच्या असतात. अपवाद दोन्हीकडे आहेत, म्हणून केवळ आकारावर निर्णय देऊ नये.

२. *रंजक.* गालाच्या आतील पेशींवर मिथिलीन ब्लू घातले की मधोमध गडद ठिपका उठून दिसतो, ते केंद्रक. ताकाच्या थेंबातील जीवाणू त्याच रंजकाने सरसकट निळे होतात, आत वेगळा ठिपका दिसत नाही. आधी या दोन काचपट्ट्या शेजारी ठेवून डोळा तयार करावा आणि मगच अनोळखी नमुना पाहावा.

३. *हिरवा रंग कुठे आहे.* ही खूण मला सर्वांत भरवशाची वाटते. स्पायरोगायराच्या पेशीत हिरवा रंग नागमोडी पट्टीच्या हरितलवकात बंदिस्त असतो आणि पेशीचा उरलेला भाग पारदर्शक दिसतो. भातखाचरातील अॅनाबिना किंवा नॉस्टॉकच्या मण्यांच्या माळेसारख्या तंतूत मात्र निळसर हिरवा रंग पेशीभर पसरलेला असतो, कारण तिथे हरितलवक नसते.

*पडताळणी:* दोन्ही काचपट्ट्यांवर आयोडीनचा एकेक थेंब सोडावा. स्पायरोगायराच्या हरितलवकावरील स्टार्चचे कण काळे-निळे होतात. नीलहरित जीवाणूंच्या पेशी तशा होत नाहीत, कारण त्यांचा साठा ग्लायकोजेनच्या जातीचा असतो. शेतकरी ज्याला 'निळे-हिरवे शेवाळ' म्हणून जैविक खत म्हणून वापरतात ते या कसोटीवर जीवाणूंत जाते. नाव लोकांनी दिसण्यावरून ठेवले आहे आणि ते बोलण्यात राहू द्यावे. नोंदीतील गट मात्र पेशीवरून लिहावा.

*मर्यादा:* आदिकेंद्रकी पेशी जीवाणू आहे की आर्किया, हे सूक्ष्मदर्शकाखाली ठरत नाही. आर्कियांच्या पेशीभित्तिकेत पेप्टिडोग्लायकॉन (जीवाणूंच्या भित्तिकेतील खास पदार्थ) नसते आणि त्यांच्या पटलातील मेदरेणूंची जोडणीही वेगळी असते; हे फरक रासायनिक आणि जनुकीय चाचण्यांतूनच कळतात. २०२० च्या जूनमध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून त्याचे कारण क्षारप्रिय आर्किया असल्याचे सांगितले. नुसत्या रंगावरून 'लाल शैवाल' असा निष्कर्ष काढता आला असता आणि तो चुकला असता. अशी चाचणी हाताशी नसेल तर 'मोनेरा' एवढेच लिहून थांबावे.

## टप्पा ३: एकपेशीय की बहुपेशीय?

केंद्रक आहे हे ठरल्यावरच हा प्रश्न घ्यावा. अमीबा, पॅरामेशियम, युग्लीना असे एकपेशीय दृश्यकेंद्रकी सजीव प्रोटिस्टात जातात. येथे दोन ठिकाणी घसरायला होते.

पहिली जागा म्हणजे यीस्ट. ते एकपेशीय आहे म्हणून प्रोटिस्टात टाकले जाते. पण त्याची पेशीभित्तिका, पोषण आणि कळी फुटून होणारी वाढ ही लक्षणे त्याला कवकांत ठेवतात. दुसरी जागा म्हणजे पेशींचा नुसता जमाव. अनेक पेशी एकत्र दिसल्या म्हणजे सजीव बहुपेशीय झाला असे नाही. पेशींमध्ये कामाची वाटणी आहे का आणि सुटी झालेली पेशी एकटी जगते का, हे पाहावे लागते.

प्रोटिस्टा हा गट एका पूर्वजापासून आलेल्या वंशजांचा नाही. इतर तीन दृश्यकेंद्रकी सृष्टींत न बसणारे सजीव त्यात ठेवले गेले आहेत. त्यामुळे 'प्रोटिस्टा' हे उत्तर लिहिताना पुढे नेमका प्रकार, जसे केसलयुक्त (बारीक केसांसारखे धागे असलेला), कशाभिकायुक्त (चाबकासारखा लांब धागा असलेला) किंवा छद्मपाद (पायासारखा तात्पुरता फुगवटा) असलेला, हेही जोडावे.

## टप्पा ४: अन्न कसे मिळवतो आणि पेशीभित्तिका कशाची आहे?

ही दोन लक्षणे जोडीनेच पाहावीत. वनस्पती प्रकाशसंश्लेषण करतात आणि त्यांची पेशीभित्तिका सेल्युलोजची असते. कवके विकरे बाहेर सोडून अन्न शरीराबाहेर पचवतात व शोषून घेतात, आणि त्यांच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते. प्राणी अन्न गिळून आत पचवतात आणि त्यांच्या पेशींना भित्तिकाच नसते. अळंबी जमिनीतून उगवते आणि जागची हलत नाही, पण ती या दोन्ही कसोट्यांवर कवक ठरते.

एकच लक्षण धरले की काय होते ते अमरवेलीत दिसते. कुंपणावरच्या झुडपांना वेढणारे तिचे पिवळे तंतू पाहून, हिरवा रंग नाही म्हणून, कुणी तिला कवक म्हणतो. तिला फुले येतात, फळे धरतात, बी पडते आणि पेशीभित्तिका सेल्युलोजची असते. म्हणजे ती सपुष्प वनस्पतीच आहे, फक्त परजीवी झालेली.

या टप्प्याचे व्यावहारिक महत्त्व द्राक्षबागायतदाराइतके क्वचितच कुणाला जाणवत असेल. भुरी आणि डाऊनी हे दोन्ही रोग सर्रास 'बुरशीजन्य' म्हणून एकाच ओळीत लिहिले जातात. भुरी खऱ्या कवकामुळे होते. डाऊनी ज्या सजीवामुळे होतो तो तंतुमय आणि पांढरा दिसत असला तरी त्याच्या पेशीभित्तिकेत मुख्यतः सेल्युलोज व तत्सम शर्करा असतात, तंतूंना आडवे पडदे नसतात आणि पाण्यात त्याचे दोन कशाभिका असलेले बीजाणू पोहतात. तो ऊमायसीट गटातला आहे; त्याचे नाते तपकिरी शैवालांशी आहे आणि पंचसृष्टी पद्धतीत आता तो प्रोटिस्टात धरला जातो. मेटॅलॅक्झिल हे औषध ऊमायसीटवर चालते आणि भुरीवर चालत नाही, याचे कारण या दोन सजीवांतील हेच मूलभूत अंतर आहे.

*पडताळणी:* डाऊनीची पांढरी वाढ पानाच्या खालच्या बाजूला, वरच्या तेलकट पिवळ्या डागाच्या नेमकी मागे असते. चिकटपट्टीने ती उचलून सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यास झाडाच्या फांद्यांसारखे फुटलेले दांडे आणि त्यांच्या टोकांना लिंबाच्या आकाराच्या पिशव्या दिसतात. भुरीत न फुटलेल्या आखूड दांड्यांवर बीजाणूंच्या साखळ्या दिसतात आणि तंतूंना आडवे पडदे असतात.

## टप्पा ५: वनस्पती असल्यास

येथे चार प्रश्न याच क्रमाने पुरतात. मूळ, खोड, पान असे भाग वेगळे आहेत का? पाणी व अन्न वाहून नेणाऱ्या ऊती आहेत का? बी येते का? बी फळात झाकलेले आहे का? पहिल्याच प्रश्नाला 'नाही' असेल तर थॅलोफायटा. भाग दिसतात पण खरी मुळे व संवहनी ऊती नाहीत, तर ब्रायोफायटा, उदाहरणार्थ भिंतीवरचा मॉस. ऊती आहेत पण बी नाही, तर टेरिडोफायटा, म्हणजे नेचे. बी आहे पण उघडे, तर सायकससारख्या अनावृत्तबीजी, आणि फळात झाकलेले, तर आवृत्तबीजी वनस्पती.

फुले नसलेल्या ऋतूत पाहिलेल्या झाडाला 'अपुष्प' लिहू नये. नेच्याच्या पानामागील तपकिरी ठिपके हे बीजाणूधानींचे पुंजके असतात, त्यांना रोग किंवा किडीची अंडी समजू नये. एकबीजपत्री आणि द्विबीजपत्री यांतील निवडही केवळ पानाच्या शिरांवरून करू नये: कोनफळाच्या आणि घोटवेलीच्या पानांत शिरांचे जाळे असते, तरी दोन्ही एकबीजपत्री आहेत, आणि ते फुलाच्या तीन-तीनच्या मांडणीवरून कळते.

## टप्पा ६: प्राणी असल्यास, शरीराची मांडणी

प्राण्यांत सर्वाधिक चुका होतात, कारण बाह्यरूप सर्वाधिक फसवते. क्रम असा ठेवावा: ऊती आहेत की पेशींचा सैल समूह, शरीराचे स्तर दोन की तीन, सममिती अरीय (चाकासारखी, मध्याभोवती) की द्विपार्श्व (डावी-उजवी बाजू सारखी), देहगुहा (शरीरातील पोकळी) आहे का आणि कशी, शरीर खंडित आहे का, पाय सांध्यांचे आहेत का, आणि जीवनात कधीतरी पृष्ठरज्जू (पाठीच्या बाजूने आधार देणारा दांडा) असतो का.

सममितीवर थांबणाऱ्याला तारामासा फसवतो. प्रौढ तारामाशाची मांडणी पाच भागांची दिसते म्हणून तो जेलीफिशजवळ बसवला जातो. त्याची अळी मात्र द्विपार्श्व सममितीची असते, शरीर तीन स्तरांचे असते आणि हातांच्या खालच्या बाजूस नलिकापादांच्या ओळी असतात. म्हणून तो कंटकचर्मी संघात जातो.

कोकण किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी एकाच खडकावर कालवे आणि बार्नेकल शेजारी चिकटलेले दिसतात. दोघांना चुन्याचे कठीण कवच, दोघेही जागचे न हलणारे. त्यामुळे दोघांनाही मृदुकाय म्हटले जाते. पाणी भरलेल्या खळग्यातील बार्नेकलकडे काही मिनिटे सावली न पाडता पाहावे. वरच्या झडपा उघडतात आणि पिसासारखे सांध्यांचे पाय बाहेर येऊन पाणी ओढू लागतात. सांध्यांचे पाय असल्याने तो संधिपाद प्राणी, खेकडा आणि कोळंबीचा नातलग. कालवाच्या शिंपल्यात तसे पाय नसतात. मऊ, अखंडित शरीर आणि त्याभोवतीचे प्रावार (कवच तयार करणारा त्वचेचा पडदा) त्याला मृदुकाय ठरवतात.

*पडताळणी:* प्रौढ अवस्थेत लक्षण दिसले नाही म्हणून ते त्या प्राण्यात नाहीच, असे धरू नये. समुद्रातील असिडिया प्रौढपणी खडकाला चिकटलेली पिशवी असते. तिच्या पोहणाऱ्या अळीच्या शेपटीत पृष्ठरज्जू असतो आणि त्यामुळे ती समपृष्ठरज्जू प्राण्यांत गणली जाते.

## टप्पा ७: पृष्ठवंशीय असल्यास वर्ग ठरवणे

आता सुरुवातीच्या बिनपायाच्या प्राण्याकडे वळता येते. सह्याद्रीच्या पायथ्याशी पावसाळ्यात एकाच ओल्या मातीत तीन वेगवेगळे प्राणी सापडू शकतात: गांडूळ, देवगांडूळ आणि वाळा. तिघेही लांबट, गडद आणि जमिनीत राहणारे, पण एक वलयांकित, दुसरा उभयचर आणि तिसरा सरीसृप.

प्रथम कणा आहे का ते पाहावे. गांडूळ आखडते तेव्हा जाड व आखूड होते आणि लांबते तेव्हा बारीक होते. त्याला कणा, जबडा किंवा डोळे नसतात. देवगांडूळ आणि वाळा नागमोडी वळतात आणि त्यांना जबडा असतो. त्यानंतर त्वचा पाहावी. देवगांडुळाची त्वचा ओलसर, ग्रंथियुक्त व वळ्यांची असते. वाळ्याचे सर्वांग कोरड्या, गुळगुळीत, चकचकीत खवल्यांनी झाकलेले असते, डोळे खवल्यांखाली दोन काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि शेपटीच्या टोकाला बारीक काटा असतो. भिंगातून पाहताना जीभ आत-बाहेर होताना दिसली तर शंका उरत नाही.

देवगांडुळाच्या अंगावरील वळ्या पाहून त्याला वलयांकित म्हणणे ही येथील नेहमीची चूक. त्या वळ्या त्वचेच्या घड्या आहेत. गांडुळाचे खंड आतल्या पडद्यांनीही विभागलेले असतात. उलट बाजूची चूकही होते: काही देवगांडुळांच्या वळ्यांमध्ये सूक्ष्म खवले दडलेले असतात, म्हणून केवळ 'खवले आहेत' एवढ्यावर त्यांना सरीसृप लिहू नये.

बाकीच्या वर्गांत हाच नियम चालतो. खवले मांजराच्या अंगावर खवले असले तरी मादी पिल्लांना दूध पाजते. वटवाघळाला उडता येते, पण अंगावर केस असतात. देवमासा समुद्रात राहतो, पण फुप्फुसांनी श्वास घेतो. तिघेही सस्तन आहेत.

## टप्पा ८: नोंद लिहिणे आणि थांबायचे कुठे ते ठरवणे

प्रत्येक गटासाठी किमान दोन अशी लक्षणे लिहावीत की ज्यांतील एक चुकले तरी दुसरे स्वतंत्रपणे उभे राहील. 'पाण्यात राहतो' आणि 'पोहतो' ही दोन लक्षणे धरू नयेत, कारण ती एकाच सवयीची दोन रूपे आहेत. 'सांध्यांचे पाय' आणि 'कायटिनयुक्त बाह्यकंकाल' ही मात्र दोन मोजावीत. नोंदीचा नमुना असा ठेवावा:

*नमुना: खडकाला चिकटलेला, कवचधारी, सुमारे १० मिमी. सृष्टी: प्राणी. संघ: संधिपाद. आधार: पाण्याखाली सांध्यांचे पिसासारखे पाय बाहेर येताना पाहिले, कवच अनेक तुकड्यांचे, वर झडपा. न पाहिलेले: अळी अवस्था. चौकट: पंचसृष्टी.*

'न पाहिलेले' हा रकाना कधीही गाळू नये. नंतर नोंद तपासणाऱ्याला कुठे शंका घ्यायची ते त्यातूनच कळते.

पुरावा ज्या पातळीवर संपतो तिथे थांबावे. संघापर्यंत खात्री असेल तर संघच लिहावा. जातीचे नाव अंदाजाने भरले की वरची बरोबर असलेली नोंदही संशयास्पद ठरते. मोबाइलवरील ओळख सांगणारे ॲप छायाचित्रातील दिसण्यावर चालते, म्हणजे याच लेखात वारंवार फसवे ठरलेल्या गोष्टीवर. त्याचे उत्तर पहिला अंदाज म्हणून वापरावे आणि वरच्या टप्प्यांतून नेऊन पाहावे.

पाठ्यपुस्तक आणि नवे संशोधन यांची उत्तरे जुळली नाहीत, तर दोन्ही लिहून चौकटीचे नाव जोडावे. वंशावळीवर आधारलेल्या वर्गीकरणात पक्षी सरीसृपांच्या शाखेतच येतात, कारण मगर ही सरड्यापेक्षा पक्ष्यांच्या जवळची नातलग आहे. पाठ्यपुस्तकात मात्र पक्षी हा वेगळा वर्ग आहे. परीक्षेच्या उत्तरात अभ्यासक्रमाची चौकट पाळावी. क्षेत्रनोंदीत दोन्ही चौकटी वेगवेगळ्या रकान्यांत लिहाव्यात आणि एक खोडून दुसरी लिहू नये.